ऑफिस, हॉटेल, क्लिनिकसाठी चित्रांच्या फ्रेम ठरवताय? या चुका टाळा

इंटिरियरचं काम संपत येतं, पेंट होतो, फर्निचर लागतं, आणि मग कुणाला तरी आठवतं की अरे भिंती मोकळ्याच आहेत. मग घाईघाईत चित्रं निवडली जातात आणि फ्रेमचं काम "सगळ्यांना काळी पातळ पट्टी लावा" एवढ्यावर उरकतं. पुढचे निम्मे त्रास इथूनच सुरू होतात. घरातली फ्रेम वेगळी आणि कमर्शियल जागेतली वेगळी. घरात तिच्या आसपास घरातलीच माणसं वावरतात, इथे दिवसभर अनोळखी लोक येणार-जाणार, सामानाची ट्रॉली घासून जाणार, कुणीतरी खांदा टेकवून फोनवर बोलत उभं राहणार आणि रोज सकाळी हाउसकीपिंगवाला ओलं फडकं घेऊन येणार. म्हणून फ्रेम चित्र बघून ठरवू नका, आधी ती भिंत बघा, तिथला वावर बघा, तिथे साफसफाई कशाने होते ते विचारा, आणि चित्राला काय शोभतं ते त्यानंतर.

साइज अर्धवट लिहिणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ऑर्डरमध्ये लिहिलेलं असतं "६०० बाय ९००". कसलं ६००? प्रिंटचं, माउंटच्या (चित्राभोवतीच्या जाड बोर्डाच्या) खिडकीतून दिसणाऱ्या भागाचं, की फ्रेमच्या बाहेरच्या कडेचं? फ्रेमवाला त्याला वाटेल तो अर्थ घेतो आणि त्यात त्याची चूक नसते. जरा हिशोब करून बघा. प्रिंट ६०० बाय ९०० मिमी, माउंटची खिडकी चारी बाजूंनी प्रिंटवर ५ मिमी चढते म्हणजे दिसणारा भाग उरला ५९० बाय ८९०, त्याभोवती ७५ मिमी माउंट घेतला की बोर्ड झाला ७४० बाय १०४०, आणि मोल्डिंग, म्हणजे फ्रेमची पट्टी, ३० मिमी रुंद, त्यातले ६ मिमी बोर्डावर चढणार, तर बाहेरची साइज होते ७८८ बाय १०८८, वर फिटिंगसाठी थोडी मोकळीक धरली की जवळपास ७९० बाय १०९०. कागदावर ६०० आणि भिंतीवर ७९०. दोन स्विचबोर्डच्या मधली जागा ७०० असेल तर ही फ्रेम तिथे बसणारच नाही, आणि हे लावायच्या दिवशी कळतं.

म्हणून तिन्ही साइज लिहा, मिमीमध्ये लिहा, आणि आधी रुंदी मग उंची हा क्रम पूर्ण यादीत कुठेही बदलू नका. ॲबस्ट्रॅक्ट काम असेल तर वरची बाजू कुठली हेही छोट्या फोटोवर बाण काढून दाखवा, नाहीतर चित्र उलटं लागतं आणि ते महिनोन्महिने कुणाच्या लक्षातही येत नाही.

रिबेटची खोली, म्हणजे मोल्डिंगच्या मागे सगळा थर बसतो ती खाच, तीसुद्धा लिहायला लोक विसरतात. २ मिमी काच, दीड मिमी माउंट, ५ मिमी फोमबोर्ड, ३ मिमी बॅकिंग, झाले साडेअकरा. वर पिना मारायला ३ मिमी तरी हवेत. कॅटलॉगमधली सुंदर बारीक पट्टी १० मिमी खाचेची निघाली तर बॅकिंग मागून फुगून बाहेर येणार आणि फ्रेम भिंतीला चिकटून बसणारच नाही.

काच की ॲक्रिलिक, हे शेवटी ठरवणं

हे खरं तर सगळ्यात आधी ठरायला हवं, कारण वजन, हुक, मोल्डिंगची जाडी सगळं यावर अवलंबून आहे. १ मीटर बाय दीड मीटरच्या चित्राला ३ मिमी काच लावली तर नुसत्या काचेचं वजन ११ किलोच्या वर जातं, तेवढंच ॲक्रिलिक साडेपाच किलोच्या आत बसतं. शिवाय काच फुटली तर खाली बसलेल्या माणसाच्या अंगावर तुकडे. त्यामुळे मोठ्या साइजला, बेडच्या किंवा सोफ्याच्या वर, लहान मुलं असतात तिथे, पेशंट असतात तिथे माझं मत सरळ आहे, ॲक्रिलिकच घ्या.

पण ॲक्रिलिकचे स्वतःचे नखरे आहेत आणि ते माहीत नसतील तर सहा महिन्यांत ते खराब दिसायला लागतं. त्यावर ओरखडे लवकर पडतात, आणि अमोनिया किंवा अल्कोहोलवाल्या ग्लास क्लीनरने ते धुरकट होतं, बारीक तडेही जातात. हाउसकीपिंगच्या ट्रॉलीवर नेमकं तेच क्लीनर असतं. म्हणजे ॲक्रिलिक निवडलं की साफसफाईची सूचनाही स्पेकमध्येच आली पाहिजे: मऊ मायक्रोफायबर फडकं, साधं पाणी किंवा ॲक्रिलिकचं क्लीनर, आणि स्प्रे फडक्यावर मारायचा, चित्रावर कधीच नाही. काच असली तरी हा नियम तोच आहे, कारण चित्रावर मारलेला स्प्रे खाली ओघळतो, खालच्या पट्टीत शिरतो आणि माउंटबोर्ड तो शोषून घेतो. बऱ्याच फ्रेममध्ये फक्त खालच्या कडेला पिवळट डाग दिसतो ना, तो असाच आलेला असू शकतो.

अजून दोन गोष्टी. ॲक्रिलिकमध्ये स्टॅटिक तयार होतं, त्यामुळे चारकोल किंवा सॉफ्ट पेस्टलवर ते लावू नका, रंगाची पूड उचलली जाते. आणि ते गरमीने वाढतं, दीड मीटरचा तुकडा २० डिग्रीच्या फरकाला साधारण २ मिमी, म्हणून घट्ट बसवलं तर मध्ये फुगतं. थोडी जागा सोडायला सांगा.

आता रिफ्लेक्शन. साधी काच तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला ८ टक्के परत फेकते, हे ऐकायला कमी वाटतं पण समोर मोठी खिडकी असली आणि चित्र गडद असलं की चित्रात चित्र दिसत नाही, खिडकी दिसते. यासाठी सॅम्पल बुकवर विश्वास ठेवू नका. साध्या काचेचा एक तुकडा घ्या, मागे काळा कागद लावा, दिवसातला सगळ्यात जास्त उजेड असेल तेव्हा साइटवर जाऊन चित्राच्या जागी एकाला धरायला सांगा आणि लोक जिथून बघणार तिथे तुम्ही उभे राहा, मग संध्याकाळी सगळे लाइट लावून पुन्हा तेच करा. दहा मिनिटांचं काम आहे आणि अँटी-रिफ्लेक्टिव्ह काचेवर खर्च करायचा की नाही याचं उत्तर तिथल्या तिथे मिळतं. ती काच १ टक्क्याच्या आत रिफ्लेक्शन आणते. स्वस्त नॉन-ग्लेअर मात्र वेगळी, तिचा पृष्ठभाग खरखरीत केलेला असतो, आणि माउंटमुळे चित्र काचेपासून जरा जरी लांब गेलं की ते धूसर दिसतं. वेंडर कधीकधी दोन्हींना एकच नाव देतो, तेव्हा लिहून घ्या.

यूव्ही काच लावली म्हणजे चित्र फिकं पडणार नाही हाही गैरसमज आहे. दिसणारा प्रकाशसुद्धा रंग उडवतो, यूव्ही काचेने फक्त वेग कमी होतो. म्युझियममध्ये कागदावरच्या कामांना साधारण ५० लक्सच उजेड देतात, लॉबीत त्याच्या कितीतरी पट असतो. ओरिजिनल वॉटरकलर असेल तर त्याला आतली शांत भिंत द्या, उन्हाच्या भिंतीवर चांगला पिगमेंट प्रिंट लावा.

दोरीवर टांगणं

कमर्शियल जागेत मागे तार बांधून एका हुकवर फ्रेम टांगणं, हे मला अजिबात पटत नाही. दार आपटलं, कुणाचा धक्का लागला, फडकं फिरलं की फ्रेम तिरकी. चाळीस फ्रेमच्या कॉरिडॉरमध्ये दहा तिरक्या असल्या की आख्खी जागा ढिसाळ वाटते. शिवाय कुणीही उचलून नेऊ शकतं.

सिक्युरिटी हँगिंग म्हणजे टी-लॉक मागा. यात वर दोन पट्ट्या भिंतीवरच्या हँगरमध्ये अडकतात आणि खाली मध्यभागी एक ब्रॅकेट असतो, भिंतीत टीच्या आकाराच्या डोक्याचा स्क्रू असतो, फ्रेम बसवली की खालच्या फटीतून चपटी चावी घालून तो स्क्रू पाव फेरा फिरवायचा, झालं लॉक. चावी नसेल तर फ्रेम निघत नाही, हलतही नाही. मोठ्या जड फ्रेमला पूर्ण रुंदीची झेड पट्टी बरी, म्हणजे एक भिंतीवर आणि एक फ्रेममागे अशा एकमेकींत अडकणाऱ्या दोन पट्ट्या. फक्त एक, या हार्डवेअरला फ्रेमच्या मागे पुरेशी रुंद, घट्ट पट्टी लागते, एकदम बारीक मोल्डिंगला स्क्रू धरत नाही, म्हणून हँगिंग आधी ठरवा आणि मोल्डिंग नंतर.

आणि भिंत कसली आहे ते विचारा. जिप्सम पार्टिशनमध्ये साधा प्लग जड फ्रेम धरून ठेवत नाही. पार्टिशन उभं राहतानाच चित्रांच्या जागी आतून प्लाय टाकून घेतला तर पुढचा सगळा प्रश्न मिटतो, पण त्यासाठी चित्रांच्या जागा तेव्हा ठरलेल्या हव्यात, म्हणून तर म्हणतो शेवटी आठवून चालत नाही.

उंचीचं म्हणाल तर चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमी, उभ्या माणसाच्या नजरेला. लोक बसून असतात तिथे थोडं खाली घ्या. सोफ्याच्या वर असेल तर पाठीपासून १५ ते २० सेंमी. आणि माप फिनिश झालेल्या फ्लोअरपासून घ्या, टाइल पडायच्या आधी मार्किंग केलं तर सगळंच चुकतं. कॉरिडॉरमध्ये खोल बॉक्स फ्रेम नको, भिंतीतून १०० मिमीपेक्षा जास्त बाहेर येणाऱ्या वस्तू अनेक ठिकाणच्या सुलभतेच्या नियमांत बसत नाहीत, आणि पांढरी काठी वापरणाऱ्या माणसाला तर अशी वस्तू आधी कळतच नाही, सरळ लागते.

जागा न बघता मटेरियल

स्पा, पूल, वॉशरूमजवळ एमडीएफ नको, कडा पाणी पिऊन फुगतात, तिथे ॲल्युमिनियम. क्लिनिकमध्ये कोरीवकामाची मोल्डिंग आणि कापडी माउंट नको, पुसता येत नाही आणि धूळ धरतो, मागची बाजू सील करून घ्या. बाहेर पडायच्या मार्गावर, जिन्यात, पॉलिस्टायरीनची मोल्डिंग लावण्याआधी फायर कन्सल्टंटला विचारा. माउंट आणि बॅकिंग ॲसिड-फ्री, यावर चर्चाच नको, साध्या बोर्डाची कापलेली कड काही वर्षांत तपकिरी होते आणि ती रेघ चित्रावर उतरते.

लावून झालं आणि आता त्रास दिसतोय

काचेच्या आत वाफ दिसत असेल तर बहुतेक ती बाहेरची थंड किंवा ओलसर भिंत आहे. फ्रेम उतरवा, वाळू द्या, चित्र काचेला टेकलेलं असेल तर आत स्पेसर (चित्र काचेपासून लांब ठेवणारी बारीक पट्टी) टाका, मागे रबरी पॅड लावून हवेला वाट द्या. भिंतच ओली असेल तर चित्र हलवा, बाकी उपाय नाही.

कागद लाटांसारखा वर-खाली झालाय? चारी बाजूंनी टेप मारलेला असणार. हवेतल्या ओलाव्याने कागद वाढतो आणि त्याला पसरायला जागा नसते. वरच्या कडेला दोन हिंज, म्हणजे चित्र टांगून धरणाऱ्या छोट्या कागदी पट्ट्या, बस. ओरिजिनलला स्वतः हात लावू नका, चांगल्या फ्रेमरकडे द्या.

कोपऱ्यात फट पडली तर खोलीत एसी कधी चालू कधी बंद असतो का बघा, लाकूड आकसतं. नुसता रंग भरून फट झाकली तर परत उघडते, जॉइंट उघडून ग्लू आणि व्ही-नेल (कोपरा जोडणारी व्ही आकाराची पिन) परत मारून घ्या. नवीन फ्रेम ताब्यात घेतानाच कोपऱ्यावरून नख फिरवा, नख अडकलं तर ती परत पाठवा.

एकाच ओळीतल्या फ्रेम वेगवेगळ्या काळ्या दिसतात ही तक्रार असेल तर मोल्डिंग दोन बॅचची आहे. मोठ्या ऑर्डरला सगळी मोल्डिंग एकदम, एकाच बॅचमधून उचलायला सांगा, वर थोड्या जादा पट्ट्या घ्या, आणि एक पूर्ण फ्रेम, काच-माउंट-हार्डवेअरसकट, आधी बनवून साइटवर लावून मंजूर करा. मंजूर झालेल्या फ्रेमवर सही करून ती काम संपेपर्यंत साइटवरच ठेवा. प्रत्येक फ्रेमच्या मागे कोड, खोली नंबर, मोल्डिंगचं नाव आणि काच आहे की ॲक्रिलिक ते लिहिलेलं लेबल लावा, आणि टी-लॉकच्या दोन-तीन चाव्या मेंटेनन्सवाल्यांच्या हातात द्या, त्या फिटरच्या बॅगेत परत जाऊ देऊ नका.