दुकानातलं पाकीट आणि कुरिअरचा खोका: पॅकिंगच्या या चुका टाळा

लोणची, मसाले, फराळ विकणाऱ्या घरगुती उद्योगांचं ऑनलाइनचं गणित बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसतं. किराणा दुकानात माल चांगला खपतो, म्हणून तीच बरणी खोक्यात घालून कुरिअरला दिली जाते. मग फोन सुरू होतात: तेल गळलं, चकलीचा चुरा आला, फोटोत दिसलं तसं पाकीट नाही. पदार्थ उत्तम असूनही गिऱ्हाईक तुटतं, याचं फार वाईट वाटतं. माझं मत स्पष्ट आहे. आतलं पॅकिंग दोन्हीकडे एकच ठेवावं, कारण टिकाऊपणा आणि कायदा दोन्हीकडे सारखाच लागू होतो. बाहेरचं पॅकिंग आणि मालाचा फोटो मात्र ऑनलाइनसाठी वेगळाच करावा लागतो.

दुकानात: ब्रँड मोठा, पदार्थ बारीक

किराणा दुकानात गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे उभं असतं आणि पाकीट मागच्या फळीवर किंवा तारेला लटकलेलं असतं. तेवढ्या अंतरावरून त्याला ‘कांदा-लसूण मसाला’ हे शब्द वाचता आले पाहिजेत, कारण तो तेच मागायला आलेला असतो. बहुतेक नव्या पाकिटांवर लोगो अर्धी जागा खातो आणि पदार्थाचं नाव खाली बारीक अक्षरात जातं. आधी पदार्थ, मग ब्रँड, मग वजन असा क्रम ठेवा.

पाऊचला तळाशी घडी नसेल तर तो फळीवर उभा राहत नाही, आडवा पडतो आणि पुढची छपाई वाया जाते. पारदर्शक खिडकीचा मोहही आवरा. हळदीचा आणि मिरचीपुडीचा रंग उजेडात उडतो. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अशी हळद दुकानाच्या उजेडात फिकी पडू देणं योग्य नाही. खिडकी हवीच असेल तर लहान आणि पाकिटाच्या मागच्या बाजूला ठेवा.

सुपरमार्केटला माल द्यायचा असेल तर बारकोड नीट तपासा. स्कॅनरचा प्रकाश सहसा लाल असतो, त्यामुळे पांढऱ्यावर लाल रेघा छापल्या तर त्या त्याला दिसतच नाहीत. मसाल्याच्या पाकिटांवर रंगसंगती जुळवायच्या नादात ही चूक हमखास होते. अरुंद, गोल बाटलीवर बारकोड असा लावा की रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक येतील. नाहीतर रेघा गोलाईवर वळून जातात आणि वाचल्या जात नाहीत.

ऑनलाइन: फोटोच तुमची फळी

मोबाइलवर तुमचं पाकीट अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं. समोरच्या बाजूचा मोठा, स्वच्छ फोटो पहिला द्या आणि मागच्या लेबलचा वाचता येईल असा दुसरा. एमआरपी, निव्वळ वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता ही माहिती ऑनलाइन पानावरही दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे. उत्पादनाचा महिना-वर्ष तेवढं तिथे नसलं तरी चालतं. पाकीट 200 ग्रॅमवरून 180 वर आणलं आणि पानावर फोटो जुनाच राहिला, तर गिऱ्हाईक त्याला फसवणूकच म्हणणार.

गळणारी बरणी

यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. काच शाबूत असते, तरी खोका तेलकट होतो. कारण सहसा तोंडाच्या कडेवर सापडतं. लोणचं भरताना कडेला तेलाचा हात लागतो आणि वरचं फॉइल सील त्या तेलावर धरत नाही. नरसाळ्याने भरा, वर थोडी मोकळी जागा सोडा, कड कोरड्या फडक्याने पुसा आणि मगच सील करा. इंडक्शन सील, म्हणजे झाकणावरून यंत्र फिरवून आतलं फॉइल तापवून चिकटवणं, हवं असेल तर झाकण प्लास्टिकचं लागतं. पत्र्याच्या झाकणाखाली ते नीट होत नाही. शिवाय लोणच्याचं मीठ आणि आंबटपणा पत्र्याला खातात.

तपासणी सोपी आहे. भरलेली बरणी रात्रभर वर्तमानपत्रावर उलटी ठेवा. सकाळी कागदावर डाग दिसला तर ती बॅच पाठवू नका. जी पास होईल तीही जाड पिशवीत वेगळी बंद करून खोक्यात घाला, म्हणजे एक फुटली तरी बाकीच्या बरण्यांची लेबलं वाचतात.

मोठा खोका, जास्त पैसे

बऱ्याच कुरिअर कंपन्या आकारावरून वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागायचं. 30×20×20 च्या खोक्यात अर्धा किलो चिवडा घातला तरी पैसे 2.4 किलोचे लागतात. तोच चिवडा 22×16×10 मध्ये बसवला तर साधारण 700 ग्रॅम. शिवाय मोकळ्या जागेत माल आपटत राहतो. चकलीसाठी आत कडक डबा, त्याभोवती घट्ट बसणारा पुठ्ठ्याचा खोका आणि कोपऱ्यात चुरगाळलेला कागद एवढं पुरतं. काचेसाठी मात्र पाच थरांचा पुठ्ठा घ्या.

पाठवण्याआधी एक खोका स्वतः पाडून बघा. दहा किलोपेक्षा हलक्या पार्सलसाठी चाचणीची रूढ पद्धत अशी: 76 सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडायचं, एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर आणि सहा बाजूंवर एकेकदा. मग उघडा.

तारीख आणि लेबल

एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा 14 अंकी क्रमांक, शाकाहारी चिन्ह, एमआरपी आणि तारीख हे सगळं आतल्या पाकिटावरच हवं, खोक्यावर छापून भागत नाही. तेलकट हाताने तारखेची शाई पुसली जाते, म्हणून तेल लागणार नाही अशा जागी छापा. ऑनलाइन मालासाठी आणखी एक गोष्ट: डिलिव्हरीच्या वेळी टिकण्याच्या मुदतीपैकी किमान 30 टक्के किंवा 45 दिवस शिल्लक असावेत, असं एफएसएसएआयने 2024 मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितलं आहे. दिवाळीआधी लवकर भरून ठेवलेला फराळ इथे अडू शकतो. परदेशातल्या नातेवाइकांना जाणाऱ्या पार्सलमध्ये तर प्रवासाचेच बरेच दिवस जातात, म्हणून त्यांच्यासाठी बॅच शेवटची आणि ताजी ठेवा.

तक्रार आली तर फोटो मागा

गिऱ्हाईकाकडून उघडलेल्या खोक्याचा आणि आतल्या मालाचा, असे दोन्ही फोटो मागवा. खोक्याचा कोपरा चेपलेला असेल तर पुठ्ठा पातळ आहे. खोका ठीक आणि आत चुरा असेल तर मोकळी जागा जास्त आहे. खोका कोरडा आणि बरणीची पिशवी तेलकट असेल तर सीलवर परत जा.