तंबाखू सुटत नाहीये? प्रार्थना करताय ना, मग हेही करा

31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत कितीतरी जण मनातल्या मनात पुडी सोडतात आणि चार दिवसांत परत टपरीवर असतात, मग लाजेखातर रविवारी मागच्या बाकावर, आणि पुढे पुढे तर चर्चलाच दांडी. माझ्या मते पुडीपेक्षा हे मागे सरकणंच जास्त घात करतं, म्हणून आधी त्याचं बोलू.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 22वा अध्याय काढून वाचा. पेत्र हा आपलाच शिष्य आपल्याला नाकारणार हे येशूला आधीच माहीत होतं, तरी तो सांगतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी विनंती केलीय, आणि तू वळलास की तुझ्या भावांना स्थिर कर. म्हणजे पडायच्या आधीच त्याच्यासाठी प्रार्थना झालेली, वर उठल्यावरचं कामसुद्धा सांगून ठेवलेलं! तेव्हा पुडी खाल्ली गेली तर त्याच दिवशी प्रार्थनेला बसा, तोंडाला वास येत असला तरी. आधी सुधारतो मग देवासमोर जातो, हा हिशोबच उलटा. रोमकरांस पत्राच्या 7व्या अध्यायात प्रेषित पौल सरळ लिहितो की जे करावंसं वाटतं ते होत नाही आणि जे नको तेच करतो, मग आपण कोण.

आता रोजचं. जन्मभराची शपथ नको, सकाळी आजच्यापुरतं मागा, प्रभूच्या प्रार्थनेत भाकरपण आजचीच मागितलीय. खिशातली चुन्याची डबीही फेका, पुडी टाकून डबी जपून ठेवणारे लोक पाहिलेत मी, ते आठवड्यात परत येतात. तलफ आली की काही मिनिटांत ओसरते, तेवढ्यात स्तोत्र 23 हळूहळू म्हणायचं, सहाच वचनं आहेत, आणि तोंडात बडीशेप नाहीतर लवंग. पहिले 2-3 दिवस फार जड जातात, चिडचिड, झोप नाही, ते सगळं तंबाखूतलं निकोटिन सुटल्यामुळे, विश्वास कमी पडला म्हणून नाही, घरच्यांना आधीच सांगून ठेवा म्हणजे भांडणं टळतील.

आणि एकट्याने लपूनछपून करू नका. याकोब 5:16 एकमेकांजवळ कबुली द्या म्हणतं, पण म्हणून लगेच भर सभेत साक्ष द्यायला उभं राहायची घाई नको, एक माणूस पुरे, पाळकसाहेब असोत की जुना मित्र, जो रात्री फोन उचलेल आणि दुसऱ्या दिवशी चहावर चघळणार नाही असा.

डॉक्टरकडे जाणं म्हणजे अविश्वास असं कोणी म्हणालं तर कानाआड करा, शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. सरकारची 1800-11-2356 ही क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा, फुकट आहे, निकोटिनचं च्युइंगगमही मिळतं, डॉक्टरांना विचारून घ्या. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल किंवा तोंड नीट उघडत नसेल तर मात्र थांबू नका, या आठवड्यातच दाखवून या, प्रार्थना काय, दवाखान्याच्या लाइनीत बसल्या बसल्यापण होते.