निमालिंगच्या मुक्कामी लपवलेली डोकेदुखी

कळसूबाई दीड तासात चढणाऱ्याला लडाख जड जाणार नाही, अशी माझी पक्की समजूत होती. सुमारे ६,२५० मीटर उंचीच्या कांग यात्से-२ शिखराच्या वाटेवर ती उतरली. दमसास कसा वाढवावा, हे सह्याद्रीत फिरणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. मात्र कळसूबाई १,६४६ मीटरवर संपते, आणि लेहला विमानातून उतरतानाच आपण जवळजवळ त्याच्या दुप्पट उंचीवर पाऊल ठेवतो. विरळ हवेला शरीर किती लवकर सरावेल, हे दमसासावर ठरत नाही. उलट धडधाकट माणूस भराभर चढतो आणि तिथेच फसतो.

सुटीचा एक दिवस वाचवण्यासाठी आम्ही थाचुंगत्सेचा मुक्काम गाळला आणि हांकरहून थेट ४,८०० मीटरच्या आसपासचे निमालिंग गाठले. ३,००० मीटरनंतर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हे मला तोंडपाठ होते. रात्री डोके ठणकू लागले, घास गिळवेना. मी गुपचूप वेदनाशामक गोळी घेतली आणि लीडरने विचारल्यावर ‘एकदम फिट’ असे ठोकून दिले. गोळी घेणे ही चूक नव्हती, लपवणे ही होती; कारण गोळीने डोके थांबते, आजार थांबत नाही, आणि आपण बरे आहोत असे सोबत्यांनाच नव्हे, तर स्वतःलाही वाटू लागते. उंचीवर डोकेदुखीसोबत मळमळ, अन्नावरची वासना जाणे किंवा गळाठा आला, तर तो उंचीचाच त्रास समजावा आणि तो पूर्ण जाईपर्यंत एक पाऊलही वर टाकू नये.

पहाटे मला बुटाची नाडी बांधता येईना. बोटे गारठली नव्हती, गाठ कशी मारायची तेच सुचत नव्हते. टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालायला सांगितले, तेव्हा तिसऱ्या पावलाला झोक गेला. असा तोल जाणे किंवा बसल्या जागी धाप लागणे म्हणजे मेंदूत वा फुफ्फुसांत पाणी साठत असल्याची खूण. तेव्हा रात्र असली तरी खाली उतरावे, सकाळची वाट पाहू नये.

घाबरून बेत मात्र रद्द करू नका. वेळेत ओळखलेला साधा त्रास बहुतेकांना एक-दोन दिवसांच्या विश्रांतीने सोडतो. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी डॉक्टरांना विचारून, सल्फाची ॲलर्जी असल्यास आवर्जून सांगून घ्यावी; ती शरीराला सरावायला मदत करते, घाईचा परवाना देत नाही. कापराची पुरचुंडी हुंगायला लावणाऱ्या अनुभवी दादांपासून तर चार हात दूरच राहावे, कारण कापराने नाक मोकळे वाटते, प्राणवायू वाढत नाही.

मला दोघांनी धरून थाचुंगत्सेला उतरवले. संध्याकाळी मी वाटीभर डाळभात जेवलो आणि बुटांच्या नाड्या स्वतः सोडल्या.