तेलाच्या लोणच्यासाठी पाऊच कसं निवडावं आणि कसं तपासून घ्यावं

‘फूड ग्रेड’ लिहिलेलं पाऊच घ्या, एवढाच सल्ला कोकणातल्या घरगुती उद्योगांना वर्षानुवर्षं दिला जातो. तो अपुरा आहे. एकच फिल्म कुळथाच्या पिठाला छान चालते आणि बांगड्याच्या लोणच्याला चालत नाही. प्लास्टिकमधून काय आणि किती बाहेर पडेल, हे आत काय भरलंय, ते किती गरम आहे आणि किती दिवस राहणार आहे यावर ठरतं. शिक्क्याला यातलं काहीच ठाऊक नसतं.

आधी बाहेर पडतं काय, ते समजून घ्या. पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीनची फिल्म नुसत्या त्या प्लास्टिकची नसते. उष्णतेने आणि हवेने ती खराब होऊ नये म्हणून तिच्यात अँटिऑक्सिडंट घालतात, थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून स्लिप एजंट घालतात. हे रेणू प्लास्टिकच्या लांब साखळ्यांना जोडलेले नसतात, साखळ्यांच्या मधल्या जागेत मोकळे असतात आणि सरकत राहतात. इरुकामाइड हा स्लिप एजंट तर बाहेर यावा म्हणूनच घालतात. मशीनवरून नुकती उतरलेली फिल्म चिकट लागते आणि काही वेळाने तीच बोटाला गुळगुळीत लागते, कारण तोवर इरुकामाइड पृष्ठभागावर येऊन बसलेलं असतं. या पदार्थांना परवानगी आहे, पण मर्यादेत.

तेल आलं की हे सरकणं वाढतं. तेल फिल्मच्या आत शिरतं, साखळ्या थोड्या फाकवतं आणि आतल्या रेणूंना वाट करून देतं. फोडणीच्या भाजीचा प्लास्टिकचा डबा कितीही घासला तरी पिवळाच राहतो ना? हळदीचा रंग तेलाबरोबर प्लास्टिकच्या आत गेलेला असतो. ज्या वाटेने हळद आत गेली, त्याच वाटेने ॲडिटिव्ह, म्हणजे फिल्ममध्ये घातलेले हे पदार्थ, बाहेर येतात.

पहिलं काम: माल कुठल्या जातीचा ते ठरवा

आंब्याचं लोणचं तेलकट आणि आंबट. कोकमाचं आगळ आंबट आणि खारट. तळलेले गरे तेलकट. सोडे, सुकट वरून कोरडे, पण अंगात चरबी असलेले. मालवणी मसाला पूड असला तरी त्यात मिरची-धण्याचं तेल असतं, आणि पूड वास फार पटकन धरते. हे एका कागदावर लिहून ठेवा, पुढे प्रयोगशाळेत लागेल.

आगळासाठी माझं मत पक्कं आहे: काचेची बाटली. ती परवडत नसेल तर पेट, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक. नेहमीच्या हवेत पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या हलत्या असतात, पेटच्या जवळजवळ थिजलेल्या असतात, म्हणून पेटमधून काहीही फार सावकाश सरकतं. मात्र पेटच्या बाटलीत उकळतं आगळ ओतू नका.

दुसरं काम: पुरवठादाराकडून कागद घ्या

फिल्मचे थर कोणते आणि प्रत्येकाची जाडी किती मायक्रॉन, हे लेखी मागा. आतला थर पॉलिथिनचा असेल तर आयएस (भारतीय मानक) १०१४६ आणि पॉलिप्रॉपिलीनचा असेल तर आयएस १०९१० या मानकाप्रमाणे आहे असं पत्र हवं. शाई आयएस १५४९५ प्रमाणे हवी. या मानकाच्या २०२० च्या आवृत्तीत टोल्यूइन हे शाईतलं द्रावक वर्ज्य आहे. पत्र देत नसेल तर दुकान बदला. आणि पीव्हीसीची ताणून गुंडाळायची फिल्म तेलकट मालाला लावूच नका, तिला मऊ करणारा प्लास्टिसायझर तेलात सहज उतरतो.

हंगामाचे रोल शिमग्याआधी मागवा. लॅमिनेटच्या, म्हणजे वेगवेगळ्या फिल्म एकमेकींना चिकटवून केलेल्या फिल्मच्या, थरांमधलं चिकटद्रव्य पूर्ण पक्कं व्हायला काही दिवस लागतात. ऐन मे महिन्यात घाईने छापून आलेला रोल उघडल्यावर वास मारत असेल, तर तो भरायला घेऊ नका.

तिसरं काम: थंड करून भरा

फोडणीचं तेल पूर्ण निवू द्या. कोमट चालतं असं सांगतात, त्यांचं ऐकू नका.

चौथं काम: घरच्या दोन चाचण्या

पाऊचचे तुकडे कापून झाकणाच्या काचेच्या बरणीत कोमट पाण्यात रात्रभर ठेवा, शेजारी नुसत्या पाण्याची बरणी ठेवा. सकाळी घरातल्या दोघातिघांना, कुठली कुठली ते न सांगता, वास घ्यायला लावा. फरक कळला तर फिल्म परत. रंगीत पाऊच असेल तर पांढऱ्या कापसावर खोबरेल घेऊन आतली बाजू चोळा. कापसाला रंग लागला तरी परत. या चाचण्या ढोबळ आहेत. ज्याला वास नाही आणि रंग नाही ते यांत सापडत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच हवी.

पाचवं काम: प्रयोगशाळेत काय मागायचं

सगळे अडकतात ते इथे. मलाही हे नीट उमगायला बराच काळ लागला, कारण कोणी समजावून सांगत नाही. लोक पाऊच पाठवतात, अर्जावर ‘मायग्रेशन टेस्ट’ (प्लास्टिकमधून मालात किती उतरतं त्याची चाचणी) लिहितात, ‘पास’ असा अहवाल येतो आणि तो फ्रेम करून भिंतीवर लागतो. तो अहवाल वाचा. तेलकट लोणच्याच्या पाऊचची चाचणी अनेकदा पाण्यात केलेली असते.

पद्धत आयएस ९८४५ या मानकात दिली आहे. खरं लोणचं न वापरता त्याच्या जागी एखादा द्रव घेतात, त्याला सिम्युलंट म्हणतात. ऊर्ध्वपातित पाणी, ३ टक्के ॲसिटिक ॲसिड, १० टक्के अल्कोहोल, ५० टक्के अल्कोहोल आणि एन-हेप्टेन असे हे द्रव. फिल्म ठरावीक वेळ त्या द्रवात ठेवायची, मग द्रव आटवून खाली उरलेला साका तोलायचा. आता इरुकामाइडसारखे पदार्थ पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. पाण्यातली चाचणी जवळपास कुठलीही पॉलिथिन पास होईल. तेलाची जागा हेप्टेन घेतो. म्हणून अर्जावर स्पष्ट लिहा: आंब्याच्या किंवा मासळीच्या लोणच्याला हेप्टेन आणि ३ टक्के ॲसिटिक ॲसिड, दोन्ही. गऱ्यांना हेप्टेन. आगळाला ॲसिटिक ॲसिड. एकच चाचणी परवडत असेल तर तेलाच्या लोणच्यासाठी हेप्टेनचीच करा, पाण्याच्या चाचणीवर पैसे घालवू नका.

दुसरी गोष्ट वेळ आणि तापमान. महिनोन्‌महिने फळीवर राहणाऱ्या मालासाठी पाण्यातली आणि ॲसिडमधली चाचणी ४० अंश सेल्सिअसला १० दिवस चालते. गरम भरायच्या मालासाठी ७० अंशाला २ तास. हेप्टेन तेलापेक्षा बराच जोरकस असल्याने त्याचा काळ याहून खूप कमी असतो, ते पाहून अहवाल खोटा आहे असं समजू नका. तुम्ही माल गरमच भरत असाल तर तसं सांगा, लपवलंत तर अहवाल तुमच्या मालाचा राहत नाही.

तिसरी गोष्ट कोणती बाजू भिजवली. लॅमिनेटच्या पट्ट्या कापून द्रवात बुडवल्या तर छापील बाजू आणि कापलेल्या कडाही भिजतात, आणि नसलेला दोष दिसतो. तयार पाऊच पाठवा आणि त्यातच द्रव भरून चाचणी करा म्हणून सांगा.

चौथी गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. अन्न सुरक्षा व मानके (पॅकेजिंग) विनियम, २०१८ प्रमाणे एकूण मायग्रेशनची मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम किंवा चौरस डेसिमीटरमागे (म्हणजे १०० चौरस सेंटिमीटरमागे) १० मिलिग्रॅम अशी आहे. हे दोन आकडे एक किलो मालाला ६ चौरस डेसिमीटर प्लास्टिक लागतं असं धरल्यावरच जुळतात. आता तुमचं पाऊच मोजा. १५ बाय २० सेंटिमीटरचं अर्धा किलोचं पाऊच घेतलं तर दोन्ही बाजू मिळून ६ चौरस डेसिमीटर, म्हणजे किलोला १२. आणि पर्यटकांना चव बघायला देतात ती ५ बाय ८ सेंटिमीटरची १० ग्रॅमची पुडी? दोन्ही बाजू ०.८ चौरस डेसिमीटर, म्हणजे किलोला ८०. फिल्म तीच, अहवालही तोच, पण पुडीतल्या घासभर लोणच्याला, किलोला ६ या धरलेल्या हिशेबाच्या तेरापट प्लास्टिक भिडलेलं आहे. चौरस डेसिमीटरच्या हिशेबात काठावर पास झालेली फिल्म इथे किलोमागे ८०० मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकते. म्हणून तेलाच्या लोणच्याच्या छोट्या पुड्या करू नयेत, असं मी प्रत्येक बचत गटाला सांगते. चव द्यायची तर वाटीतून चमच्याने द्या.

अहवालातला मायग्रेशनचा आकडा एकूण वजनाचा आहे, त्यात नेमका कुठला पदार्थ आला ते कळत नाही. फिल्मच्या उगमाबद्दल शंका असेल किंवा छपाई गडद असेल, तर ठरावीक पदार्थाची वेगळी चाचणी मागावी लागते. चाचणीसाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडा. मुंबईतली भारतीय पॅकेजिंग संस्था किंवा सिपेट या केंद्र सरकारच्या प्लास्टिक संस्थेकडे विचारून बघा.

सहावं काम: साठवण

रोल आणि भरलेली पाऊचं पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, आणि तापमान वाढलं की ॲडिटिव्ह सरकायचा वेगही वाढतो. कौलारू खोली किंवा माजघराची सावली बरी. मुंबईला पाठवायचा माल रात्रीच्या गाडीने पाठवा. छापील रोल एकावर एक दाबून रचू नका, गुंडाळीत एका थराची शाई पुढच्या थराच्या आतल्या बाजूला लागते आणि तीच बाजू नंतर लोणच्याला भिडते.

अहवालावर रोलचा बॅच नंबर लिहून घ्या आणि त्या रोलचा हातभर तुकडा कोरड्या काचेच्या बरणीत जपून ठेवा. पुरवठादार, जाडी किंवा शाई, यांतलं एक जरी बदललं तरी जुना अहवाल बाजूला काढा आणि नव्या रोलची पाऊचं पुन्हा प्रयोगशाळेत पाठवा.