‘गेज’ सांगताना या चुका टाळा

बेळगावच्या हार्डवेअर दुकानात गिऱ्हाईक मराठीत बोलतं, दुकानदार कानडीत उत्तर देतो, बिल इंग्रजीत निघतं. ‘गेज’ हा शब्द मात्र दोघांचा सारखाच, म्हणून कुणी तो पुन्हा विचारत नाही. चुकीचा माल घरी येतो तो इथूनच. पत्र्याचा, तारेचा, प्लॅस्टिकचा आणि हवेच्या दाबाचा गेज या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि काही ठिकाणी तर आकडा उलटा चालतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे गेजच्या आकड्यालाच माप समजणे. पत्रा आणि तार यांचा गेज हा तक्त्यातला क्रमांक असतो. पूर्वी तार एकाहून एक लहान भोकांतून ओढत. जितक्या वेळा ओढली तितका क्रमांक मोठा आणि तार बारीक. त्यामुळे 24 गेजचा पत्रा 20 गेजपेक्षा पातळ असतो. आपल्याकडे रुळलेल्या ब्रिटिश तक्त्यात (एसडब्ल्यूजी) 16 म्हणजे 1.63 मिमी, 18 म्हणजे 1.22, 20 म्हणजे 0.91, 22 म्हणजे 0.71 आणि 24 म्हणजे 0.56 मिमी. पण तक्ते एकाहून जास्त आहेत. अमेरिकी तारेच्या तक्त्यात (एडब्ल्यूजी) 20 गेज म्हणजे फक्त 0.81 मिमी, आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याला बऱ्याचदा हाच तक्ता लावतात. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचं (पत्रा कापून-जोडून वस्तू बनवण्याचं) काम देताना कोटेशनवर ‘20 गेज’ एवढंच असेल तर सही करू नका. शेजारी मिलिमीटर लिहून घ्या आणि माल उतरवताना मायक्रोमीटर लावून बघा.

मोटर रिवाइंडिंगमध्ये हीच चूक फार महाग पडते. विहिरीवरची मोटर जळाली, वाइंडिंग करून आणली, आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा जळाली, तर लोक व्होल्टेजला दोष देतात. व्होल्टेज खरंच कमी असू शकतं, पण आधी तार तपासा. ब्रिटिश तक्त्यातली 22 नंबरची तार 0.71 मिमी जाडीची असते, अमेरिकी तक्त्यातली 22 नंबरची 0.64 मिमी. फरक डोळ्याला दिसत नाही, पण तांब्याचं क्षेत्रफळ सुमारे 18 टक्के घटतं, रोध वाढतो आणि तेवढ्याच करंटला कॉइल जास्त तापते. जुनी तार मोजताना तिच्यावरचं इनॅमल (वीजरोधक लेप) आधी काढा, नाहीतर त्याची जाडीही मापात येते. तीन-चार ठिकाणी मोजा, कारण जळताना आणि ओढून काढताना तार ताणली जाते. हवी ती जाडी बाजारात नसेल तर दोन बारीक तारा जोडीने घालता येतात, मात्र क्षेत्रफळ जुळवूनच. एसडब्ल्यूजी 22 च्या एका तारेच्या जागी 25 च्या दोन तारा बरोबर बसतात. ‘एक नंबर इकडे-तिकडे चालतं’ म्हणणाऱ्या कारागिराकडे मोटर देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेतकऱ्यांसाठी प्लॅस्टिकचा गेज महत्त्वाचा, आणि इथे आकडा सरळ चालतो: मोठा आकडा, जाड कागद. 100 गेज म्हणजे सुमारे 25 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). भाजीपाल्याला मल्चिंग करणारा (वाफ्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरणारा) किंवा पॉलिहाऊसचा कागद बदलणारा माणूस नुसतं ‘दोनशेचा द्या’ म्हणाला, तर त्यातून दोन अर्थ निघतात. 200 मायक्रॉन म्हणजे 800 गेज, आणि 200 गेज म्हणजे फक्त 50 मायक्रॉन. चौपट फरक! रोल खरा आहे का, ते वजनावरून कळतं. 1.2 मीटर रुंद, 400 मीटर लांब, 25 मायक्रॉनचा मल्चिंग रोल आतली नळी सोडून साधारण 11 किलो भरायला हवा. आठ किलो भरला तर कागद पातळ आहे किंवा लांबी कमी आहे.

दाबाच्या गेजमधली चूक वेगळ्या जातीची. हा गेज बाहेरच्या हवेच्या दाबाला शून्य मानतो, आणि तो दाब गावागावाला बदलतो. समुद्रकाठी तो पाऱ्याचा 760 मिमी. संकेश्वर-चिकोडीच्या उंचीवर मात्र 700 च्या आसपास. साखर कारखान्यात रस कमी दाबाखाली उकळणाऱ्या पॅनवर व्हॅक्यूम गेज 700 च्या पुढे जात नाही म्हणून गळती शोधत बसणं व्यर्थ आहे; इथे त्याहून जास्त व्हॅक्यूम होऊच शकत नाही. किनाऱ्यावरच्या कारखान्याचे आकडेही इथे जसेच्या तसे उतरवू नका. गेजवर 650 दिसत असताना तिकडे पॅनमध्ये 110 मिमी दाब उरतो आणि पाणी साधारण 53 अंशांना उकळतं. इकडे 50 च्या आसपास दाब उरतो आणि ते 40 अंशांच्या आतच उकळतं. गळती तपासायची तर पंप आणि व्हॉल्व्ह बंद करून काटा किती वेगाने खाली येतो ते बघा.

इंजेक्शनच्या सुईला तारेचाच नियम: 18 ची जाड, 23 ची बारीक. गिटारच्या तारेत उलट, कारण ‘10’ म्हणजे 0.010 इंच. मशीन शॉपमध्ये जॉबचं (घडवलेल्या भागाचं) माप तपासणाऱ्या ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेजला आकडा वाचायचाच नसतो; ‘गो’ आपसूक शिरला पाहिजे आणि ‘नो-गो’ अडला पाहिजे. जोर लावून घुसवला की जॉबही बिघडतो आणि गेजही झिजतो. मिरज-लोंढा मार्गामुळे जुन्या माणसांच्या तोंडी असलेला ‘मीटर गेज’ म्हणजे दोन रुळांमधलं अंतर: तेव्हा 1,000 मिमी, आता ब्रॉडगेजचं 1,676.

फिल्मचा गेज म्हणजे पट्टीची रुंदी. घरातली जुनी लग्नाची रिळं डिजिटल करून घेताना ‘8 मिमी’ एवढंच सांगू नका. साधी 8 आणि 1965 मध्ये आलेली सुपर 8 या दोन्ही तेवढ्याच रुंद, पण कडेची भोकं वेगळी. साध्या 8 ची भोकं मोठी आणि दोन चित्रांच्या मधल्या रेषेवर असतात. सुपर 8 ची लहान आणि चित्राच्या मध्यासमोर. चुकीच्या मशीनवर चढवली तर भोकं फाटतात, म्हणून रीळ देण्याआधी सुरुवातीची वीतभर पट्टी उजेडात धरून बघा.