शास्त्रीय नृत्य शिकताना या चुका टाळा : सोलापूरच्या पालकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी

जूनमध्ये शाळांबरोबर नृत्यवर्गांचेही प्रवेश सुरू होतात, आणि सोलापुरात बहुतेक पालक पहिली चौकशी करतात ती वर्ग घरापासून किती लांब आहे याची. तिथे कोणती शैली शिकवतात, हे विचारणारे थोडेच. पुढे उद्भवणाऱ्या निम्म्या तक्रारी, मग त्या गुडघ्याच्या असोत की तालाच्या, या दुर्लक्षातून सुरू होतात. संगीत नाटक अकादमी भरतनाट्यम, कथक, कथकली, कुचिपुडी, ओडिसी, मणिपुरी, मोहिनीअट्टम आणि सत्रिय या आठ शैलींना शास्त्रीय मानते. सत्रियला ही मान्यता २००० साली मिळाली. शरीराचे वजन कसे पेलायचे, याचा प्रत्येक शैलीचा नियम निराळा आहे. कथकमध्ये शरीर सरळ उभे असते आणि गुडघे सैल, भरतनाट्यममध्ये अरैमंडी म्हणजे अर्धी बैठक हाच पाया असतो, तर ओडिसीत चौक (चौकोनी बैठक) आणि त्रिभंग (मान, धड आणि गुडघा अशा तीन ठिकाणी वळलेले शरीर) यांवर सारी रचना उभी राहते. त्यामुळे एक वर्ष भरतनाट्यम, वर्ग बदलल्यामुळे पुढचे वर्ष कथक आणि मध्येच गॅदरिंगसाठी दोन्हींची सरमिसळ असा प्रवास झालेल्या मुलीचे शरीर कोणतीच सवय पक्की करत नाही. किमान पायाभूत शिक्षण होईपर्यंत एकाच शैलीत राहावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

भरतनाट्यममध्ये सर्वाधिक बिघडते ती अरैमंडी. पावले बाहेरच्या दिशेला जितकी वळतील तितकी बैठक सुंदर, असा समज असल्यामुळे मुले पावले पूर्ण आडवी करतात. पण कंबरेच्या खुब्यातून मांडी तेवढी वळलेली नसते आणि तो सगळा पीळ गुडघ्यावर येतो. ही चूक घरी ओळखता येते. टाचा जुळवून, पाठ भिंतीला टेकवून मुलीला हळूहळू खाली बसायला सांगावे आणि गुडघ्याच्या मध्यापासून ओळंबा सोडल्यासारखी नजर खाली आणावी. ती पायाच्या मधल्या बोटांवर पडली तर बैठक योग्य आहे. अंगठ्याच्या आतल्या बाजूला पडली तर गुडघे आत ढळत आहेत. अशा वेळी पावलांचा कोन कमी करावा, बैठक थोडी उंच ठेवावी आणि खुब्यांचा मोकळेपणा वाढवणारे व्यायाम शिक्षिकेकडून समजून घ्यावेत. ‘अजून खाली, अजून खाली’ असे ओरडून बैठक खोल होत नाही. पार्श्वभाग तेवढा मागे जातो आणि कंबरेत बाक येतो.

यानंतरचा प्रश्न जमिनीचा. आपल्याकडे घरे आणि वर्ग दोन्हींकडे स्लॅबवर बसवलेली शहाबादी किंवा टाइल्सची फरशी असते, आणि तिच्यावर तट्ट अडवू (भरतनाट्यममधला पाय आपटण्याचा सराव) किंवा तत्कार (कथकचे पदाघात) तासभर करणाऱ्या मुलांच्या नडगीत, विशेषतः आतल्या कडेने, दुखू लागते. त्यावर घराघरांतला उपाय म्हणजे सोलापुरी चादर दुहेरी घालून तिच्यावर सराव करणे, आणि तो टाळलाच पाहिजे, कारण चादर घसरते, तिला चुण्या पडतात आणि अंगठा अडकून पाय मुरगळतो. शक्य असेल तर खाली रबरी चटई व तिच्यावर जाड प्लायवूड, न सरकेल असे बसवावे. ते जमत नसेल तर रोजच्या सरावाचा निम्मा भाग पाय न आपटता, हात, मान आणि दृष्टी यांच्या भेदांवर, म्हणजे ठरलेल्या हालचालींवर, खर्च करावा. विश्रांती घेऊनही नडगीतील दुखणे थांबले नाही, किंवा एकाच जागी बोट दाबल्यावर कळ आली, तर तेल चोळत न बसता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

घुंगरांच्या बाबतीत पालकांची हौस आड येते. फ्रॉक वाढत्या अंगाचा घ्यावा तसे घुंगरूही वाढत्या अंगाचे घेतले जातात. कथकचे प्रौढ कलावंत एकेका पायात शंभर किंवा त्याहून अधिक घुंगरू बांधतात हे खरे. पण आठ-नऊ वर्षांच्या मुलीला तेवढे बांधले की पाऊल उचलण्याऐवजी ओढले जाते आणि घुंगरांच्या गजरात चुकीचा आघात लपून जातो. आधी पाऊल नुसते वाजू द्यावे. पायाचा आवाज स्वच्छ ऐकू येऊ लागला की मग थोडे घुंगरू बांधावेत आणि संख्या गुरूंच्या सल्ल्याने वाढवावी.

कथकच्या विद्यार्थ्यांची कायमची तक्रार ‘समेवर येता येत नाही’, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर रचना संपत नाही, अशी असते. बहुधा दोष पायांचा नसून हिशेबाचा असतो. त्रितालाच्या १६ मात्रांत (ठोक्यांत) टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, तर खाली, म्हणजे टाळी न वाजवता हात बाजूला नेण्याची जागा, नवव्या मात्रेवर येते. ‘तिगदा दिगदिग थेई’ हा तीन मात्रांचा तुकडा तीनदा सलग घेतला तर नऊ मात्रा होतात, म्हणून शेवटचा ‘थेई’ समेवर हवा असेल तर ही तिहाई (तीनदा घेतलेला तुकडा) नवव्या मात्रेवर, म्हणजे खालीवर, उचलावी लागते. हीच तिहाई प्रत्येक दोन तुकड्यांमध्ये एक मात्रा थांबून घेतली तर ती अकरा मात्रांची होते आणि सातव्या मात्रेवर सुरू होते. आता चुकीचे निदान पाहा. सातव्या मात्रेवर उचलूनही शेवटचा ‘थेई’ दोन मात्रा आधी पडत असेल तर दोन्ही विराम गिळले गेले आहेत, एक मात्रा आधी पडत असेल तर एकच विराम सुटला आहे. एक मात्रा उशीर होत असेल तर उठाण, म्हणजे तिहाईची सुरुवातच, उशिरा झाले आहे, किंवा विराम लांबला आहे. हे सगळे बसून, हाताने टाळी-खाली दाखवत पढंत केल्याशिवाय, म्हणजे बोल तोंडाने म्हटल्याशिवाय, सापडत नाही. पढंतीत जे चुकते ते पायात बरोबर येणे हा निव्वळ योगायोग समजावा.

अभिनयाच्या बाबतीत या शहराची एक सोय आपण वापरतच नाही. भरतनाट्यमची कितीतरी वर्णम् आणि पदम् (नृत्यासाठी गायली जाणारी गीते) तेलुगू भाषेत आहेत, आणि कुचिपुडी तर आंध्रचीच. तरीही मुली शब्द न कळता कटाक्ष टाकतात, आणि मग नायिकेचा रुसवा आणि डोकेदुखी यांत फरक दिसत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात गल्लोगल्ली तेलुगू बोलणारी कुटुंबे आहेत. तेलुगू पदकार क्षेत्रय्यांच्या सतराव्या शतकातील पदांतला प्रत्येक शब्द शेजारच्या आजींना उलगडेलच असे नाही, परंतु उच्चार आणि वाक्याचा रोख त्या नक्की सांगतील. शब्दागणिक अर्थ वहीत लिहून मगच हस्तमुद्रा पाठ कराव्यात. मराठी माणसाने या नृत्याला परके मानण्याचेही कारण नाही. भरतनाट्यमच्या अलारिप्पूपासून (पहिली रचना) तिल्लानापर्यंतच्या (शेवटची रचना) कार्यक्रमाला आजचा आकार देणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार बंधू तंजावरच्या मराठा दरबाराच्या आश्रयाला होते, आणि दुसऱ्या सरफोजी राजांच्या नावावर नृत्यासाठीच्या मराठी रचनाही आहेत.

परीक्षांविषयी थोडक्यात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षा उपयुक्त आहेत, परंतु दहावीच्या वाढीव गुणांकडे पाहून वर्षाला दोन पायऱ्या चढण्याची घाई केली की प्रवेशिकेतली, म्हणजे सुरुवातीच्या पायरीवरची, कच्ची बैठक वरच्या विशारदपर्यंत तशीच जाते.

शेवटची चूक रंगमंचावरची. महिनोन्‌महिने एकाच ध्वनिमुद्रणावर सराव केलेल्या मुली हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या मोठ्या सभागृहात गोंधळतात, कारण ध्वनिवर्धकांची तोंडे प्रेक्षकांकडे असतात आणि मंचावर ताल पुसट ऐकू येतो. रंगीत तालमीच्या वेळीच नर्तकीकडे तोंड केलेला एक स्पीकर पडद्याच्या बाजूला मागून घ्यावा, आणि त्याआधी घरी आठवड्यातून एकदा तरी ध्वनिमुद्रण बंद ठेवून, केवळ कोणीतरी म्हटलेल्या बोलांवर संपूर्ण रचना कमी-अधिक लयीत करून पाहावी.