गच्चीवरचा सेन्सर ५० अंश दाखवतोय?

नागपुरात मे महिन्यात ४५ अंश खरे असतात. पण घरच्या सेन्सरने ५० दाखवले, तर बहुधा जागा चुकलेली असते. स्लॅबची धग भलतीच.

१. सेन्सर अंगणात, माती किंवा गवतावर, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंच खांबाला लावा. भिंतीपासून दूर.

२. सेन्सरवर थेट ऊन पडू नये, पण वारा लागावा, म्हणून कुंडीखालच्या सहा-सात पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा घ्या. वरच्या दोन सोडून बाकीच्यांना मधोमध मोठं भोक पाडा. सगळ्या उपड्या करून कडेच्या तीन लांब बोल्टांवर दोन-दोन सेंटिमीटर अंतराने बसवा. सेन्सर मधल्या पोकळीत टांगा.

कूलरजवळ मात्र नको. त्याच्या ओल्या झोतात मे महिन्यातही डिसेंबर दिसतो.